फेर्रो कार्रिल ओएस्ते: ब्युनोस आयर्सच्या पश्चिम रेल्वेचा क्लब

रूळकाठ

दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे बोका, रिव्हर, सांतोस, फ्लामेंगो यांच्यापुढे गाडी सरकत नाही. मला आज अर्जेंटिनाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एका क्लबाबद्दल लिहायचंय. २००३ पासून तो त्याच श्रेणीत आहे. पण दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला, दिवाळखोरीतून बाहेर आलेला आणि अजूनही सभासदांच्याच मालकीचा असलेला हा क्लब आहे. मला तो अर्जेंटिनातल्या कुठल्याही मोठ्या क्लबापेक्षा जवळचा वाटतो.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल. अर्जेंटिनातली पहिली आगगाडी ३० ऑगस्ट १८५७ रोजी ब्युनोस आयर्समध्ये धावली, म्हणजे बोरीबंदर-ठाण्यानंतर चार वर्षांनी. अंतर साधारण १० किलोमीटर, गावाच्या मध्यातून पश्चिमेकडे फ्लोरेस्तापर्यंत. ही पश्चिमेची लाईन आधी स्थानिक व्यापाऱ्यांची होती, मग प्रांतिक सरकारची झाली आणि १८९० मध्ये ब्रिटिश कंपनीकडे गेली. या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी २८ जुलै १९०४ रोजी खेळाचा क्लब काढला आणि त्याला लाईनचंच नाव दिलं: फेर्रो कार्रिल ओएस्ते, पश्चिम रेल्वे. मैदान काबाशितो भागात, रुळांना अगदी लागून. १९०५ पासून क्लब तिथेच आहे. आजही गाडीच्या खिडकीतून स्टँड दिसतो.

रेल्वेच्या जिवावर उभे राहिलेले क्लब त्या भागात बरेच आहेत. रोसारिओ सेंट्रल, कोर्दोबाचा तायेरेस, नदीपलीकडे उरुग्वेतला पेन्यारोल. पेन्यारोल तर पुढे खंडाचा विजेता झाला. फेर्रो मात्र बराच काळ मधल्या फळीतला, वर-खाली होणारा क्लब राहिला. १९३१ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हाच्या १८ क्लबांत तो होता. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि लाईनला जुने राष्ट्राध्यक्ष सार्मिएंतो यांचं नाव मिळालं. लाईनचं नाव बदललं, क्लबाचं तेच राहिलं.

१९७७ मध्ये फेर्रो खाली गेला आणि १९७८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन परत आला. १९८० मध्ये प्रशिक्षक म्हणून कार्लोस तिमोतेओ ग्रिगुओल आले. इथून पुढची पाच वर्षं नीट सांगतो, कारण माझा जीव त्यांच्यातच अडकलाय.

तेव्हा अर्जेंटिनात वर्षाला दोन अजिंक्यपदं असत, मेत्रोपोलितानो आणि नासिओनाल. १९८१ चं मेत्रोपोलितानो बोकाने जिंकलं. त्या संघात मारादोना होता. फेर्रो दुसरा आला, तोही एका गुणाने मागे. त्या हंगामात फेर्रोचा गोलरक्षक कार्लोस बारिसिओ याने १०७५ मिनिटं गोल खाल्ला नाही. जवळपास १२ सामने! त्याच वर्षीच्या नासिओनालच्या अंतिम फेरीत समोर रिव्हर, त्यांच्याकडे १९७८ च्या विश्वचषकाचा नायक केंपेस. दोन्ही सामने ०-१. म्हणजे एकाच वर्षात दोनदा उपविजेते, एकदा मारादोनाच्या संघापुढे आणि एकदा केंपेसच्या. दुसरा क्लब असता तर खेळाडू विकून मोकळा झाला असता. फेर्रोने संघ तसाच ठेवला.

१९८२ चं नासिओनाल फेर्रोने एकही सामना न हरता जिंकलं. अंतिम फेरीत किल्मेस. त्यांच्या मैदानावर ०-०, काबाशितोत २-०. तारीख २७ जून १९८२. ब्रिटनशी झालेलं फॉकलंडचं युद्ध संपून दोन आठवडेही झाले नव्हते आणि राष्ट्रीय संघ स्पेनमध्ये विश्वचषक खेळत होता. देशाचं लक्ष दुसरीकडे असताना काबाशितोतल्या लोकांना ७८ वर्षांनी पहिलं विजेतेपद मिळालं. आघाडीचा मिगेल हुआरेस त्या स्पर्धेत २२ गोल करून अव्वल ठरला होता.

१९८४ मध्ये पुन्हा नासिओनाल, आणि यावेळी अंतिम फेरीत रिव्हरच. रिव्हरच्या घरी, मोनुमेंतालवर, फेर्रो ३-० ने जिंकला. परतीचा सामना काबाशितोत, तोही १-०. त्या दिवशी रिव्हरच्या समर्थकांनी लाकडी स्टँडला आग लावली. तीन वर्षांपूर्वीच्या पराभवाचा हिशेब मैदानावर इतक्या स्वच्छपणे चुकता झाला होता की ती आग बघून आजही वाईट वाटतं. त्याच वर्षीचं मेत्रोपोलितानो पुन्हा एका गुणाने गेलं, आर्खेंतिनोस ज्युनियर्सकडे. आणि आर्खेंतिनोसने त्यांचा निर्णायक सामना खेळला कुठे, तर भाड्याने घेतलेल्या फेर्रोच्याच मैदानावर.

संघाची नावं लिहिल्याशिवाय राहवत नाही. बचावात एक्तोर कूपेर, हुआन दोमिंगो रोक्किआ, ऑस्कर गार्रे (हा १९८६ च्या विश्वविजेत्या संघात होता). मध्यात पॅराग्वेचा आदोल्फिनो कान्येते, कार्लोस आर्रेगी, आणि बेतो मार्सिको, ज्याच्या पायातला चेंडू कुणाला काढता येत नसे. आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा खेरोनिमो ‘काचो’ साकार्दी. तो स्पेनमध्ये एर्कुलेसकडे खेळून परत आपल्या क्लबात आला होता. फेर्रोच्या माणसाला सर्वांत मोठा कोण विचाराल तर मार्सिकोच्या आधी तो साकार्दीचं नाव घेईल.

घसरणीबद्दल प्रतिसादांत लिहीन, धागा आधीच लांबला.

सायडिंग

वाचनखूण साठवली. रेल्वेवाला म्हणून एक भर घालतो. अर्जेंटिनाच्या त्या पहिल्या लाईनचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज तंतोतंत तेच. जगात हे गेज वापरणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यावरून तिकडे एक दंतकथा खूप चालते. ‘ला पोर्तेन्या’ नावाचं त्यांचं पहिलं इंजिन म्हणे भारतासाठी बांधलं होतं, ते क्रिमियाच्या युद्धात वापरलं आणि मग उरलेलं अर्जेंटिनाच्या गळ्यात मारलं, म्हणून हे गेज. शाळेच्या पुस्तकांतूनही ही कथा सांगितली गेली. अभ्यासकांनी मात्र ती खोडून काढली आहे. इंजिन लीड्सला बांधलेलं, नवंकोरं आलं होतं. गेज सारखं आहे एवढी गोष्ट खरी, आणि मला तेवढीही पुरेशी सुंदर वाटते.

कोपरा_पास

लेख आवडला, पण एक शंका. त्या काळच्या पत्रकारांना फेर्रोचा खेळ कंटाळवाणा वाटायचा असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. १०७५ मिनिटं गोल न खाणारा संघ म्हणजे अकरा जण मागे उभे, असं तर नव्हतं ना?

रूळकाठ

कोपरा_पास, आरोप व्हायचा हे खरं, आणि १९८१ पुरता त्यात थोडा अर्थही असेल. त्या वेळी अर्जेंटिनात मेनोत्ती की बिलार्दो, असा दोन प्रशिक्षकांच्या शैलींचा वाद पेटलेला. सुंदर खेळायचं की जिंकायला खेळायचं, एवढ्या दोनच पेट्या होत्या. ग्रिगुओल कुठल्याच पेटीत बसत नव्हते, मग त्यांना ‘कंटाळवाणे’ म्हणून टाकणं सोपं गेलं.

पण मागे उभे राहून खेळणाऱ्या संघाच्या आघाडीवीराला एका स्पर्धेत २२ गोल करता येत नाहीत. मोनुमेंतालवर रिव्हरला तीन गोलही घालता येत नाहीत. १९८४ चा संघ तर मार्सिको आणि कान्येतेभोवती फिरणारा होता. माझं स्पष्ट मत: त्या दशकात अर्जेंटिनात क्लब पातळीवर सर्वांत विचारपूर्वक बांधलेला संघ हाच. मोठ्या क्लबांकडे पैसा होता, तारे होते. फेर्रोकडे सराव होता.

पिव्हट

शेवटी या धाग्यावर लिहायला कारण मिळालं! फुटबॉल मला फारसा कळत नाही, मी बास्केटबॉलची. फेर्रो हे नाव मी फुटबॉलमुळे नाही, लेओन नाख्नुदेलमुळे ऐकलं.

नाख्नुदेल त्या काळात फेर्रोच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. १९८१ आणि १९८२ ला हा संघ दक्षिण अमेरिकेतला क्लब विजेता झाला, पुढे १९८७ लाही. पण नाख्नुदेल यांचं खरं काम वेगळंच. तोवर अर्जेंटिनातलं बास्केटबॉल ब्युनोस आयर्सपुरतं एका कप्प्यात, आणि प्रांतांतली गुणी मुलं आपापल्या गावच्या स्पर्धा खेळून विसरली जायची. संपूर्ण देशाची एकच लीग हवी, बाहीया ब्लांकाचा आणि कोर्दोबाचा संघही राजधानीच्या संघाशी वर्षभर खेळला पाहिजे, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. १९८५ मध्ये लीगा नासिओनाल सुरू झाली. पहिला विजेता फेर्रो. १९८६ लाही फेर्रो, १९८९ लाही. मिगेल कोर्तिहो हा त्यांचा बेस, तिकडे पॉइंट गार्डला बेस म्हणतात.

२००४ ला अथेन्समध्ये अर्जेंटिनाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, जिनोबिलीचा संघ. ती पिढी याच लीगच्या छायेत वाढली. नाख्नुदेल १९९८ मध्ये गेले, त्यांना ते बघायला मिळालं नाही.

आता तुमच्या फुटबॉलशी जोड. ग्रिगुओल आणि नाख्नुदेल एकाच क्लबात, एकमेकांचे सराव बघायचे, तासन्‌तास बोलायचे. बास्केटबॉलमध्ये स्क्रीन असते. आपला एक खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभा राहतो आणि दुसरा त्या आडोशाने मोकळा होतो. ग्रिगुओल यांनी हेच कॉर्नर आणि फ्री किकवर वापरायला घेतलं. उंच बचावपटूला हेडरसाठी मोकळं करायचं तर इतरांनी कुठून कुठे पळायचं, हे आधीच ठरलेलं. चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून जागा आवळायच्या, हेही बास्केटबॉलमधलंच. आज प्रत्येक मोठ्या संघाकडे सेट पीससाठी वेगळा प्रशिक्षक असतो. हे १९८२ चं आहे, आणि एका व्यायामशाळेच्या बाकावर बसून सुचलेलं आहे. खेळाच्या इतिहासात मला याहून आवडती गोष्ट नाही.

कोपरा_पास

पिव्हटताई, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. शंका फिटली.

टर्न्स्टाइल

मी बरीच वर्षं व्हॅलेन्सियात आहे. इथे कूपेर म्हणजे २००० आणि २००१ अशी सलग दोन वर्षं चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नेणारा प्रशिक्षक. दोन्ही वेळा हरलो, तरी त्याच्याबद्दल इथे प्रेमाने बोलतात. सामन्याआधी बोगद्यात तो प्रत्येक खेळाडूच्या छातीवर दोन्ही हातांनी थाप मारायचा, टीव्हीवर दिसायचं. ही सवय ग्रिगुओलकडून आली असं इथले जुने लोक सांगतात. बरोबर का?

आणि २००१ च्या अंतिम सामन्यातला आमचा रोबेर्तो आयाला, तोही फेर्रोतूनच वर आलेला ना?

रूळकाठ

अगदी बरोबर. ग्रिगुओल मैदानात उतरण्याआधी खेळाडूंना अशीच जागं करणारी थाप द्यायचे. डोक्यावर बोईना टोपी, तोंडाने अखंड सूचना, लोक त्यांना ‘एल व्हिएखो’ म्हणायचे, म्हातारबाबा. मुलांनी शिकावं यासाठी मागे लागायचे. पहिला मोठा पैसा आला की गाडी घ्यायची नाही, आधी घर, हा त्यांचा नियम. गाडी घेऊन आलेल्या पोराला ते सगळ्यांसमोर झापायचे. वयाने वाढलेले खेळाडू मुलाखतीत विजेतेपदाआधी या घराबद्दल बोलतात. मे २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा फेर्रोसोबत रोसारिओ सेंट्रल आणि ला प्लाताचा खिम्नासिआ हे क्लबही रडले. सेंट्रलला त्यांनी १९७३ चं नासिओनाल जिंकून दिलं होतं.

आयाला फेर्रोचाच, आणि ‘मोनो’ बुर्गोस हा गोलरक्षकही. दोघेही १९९४ मध्ये रिव्हरकडे गेले. त्याही आधी १९६० मध्ये सिल्व्हिओ मार्सोलिनी आणि गोलरक्षक अंतोनिओ रोमा एकाच वेळी इथून बोकाकडे गेले आणि तिथले देव झाले. माणसं घडवून द्यायची हा या क्लबाचा जुना धर्मच.

मडगाव_पॅसेंजर

गोंयकार म्हणून वाचताना सारखा एकच प्रश्न येत होता. फेर्रो बुडाला कसा, आणि बुडूनही राहिला कसा? आमच्याकडे धेंपो, साळगावकर यांनी देशाची लीग जिंकलेली. २०१६ मध्ये दोघे आणि स्पोर्टिंग क्लुब दे गोवा राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मुंबईतला महिंद्र युनायटेड तर २०१० मध्ये बंदच झाला. समर्थकांना कोणी विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. तुमच्या क्लबाचं दिवाळं निघालं तेव्हा नेमकं काय झालं?

रूळकाठ

या प्रश्नासाठीच धागा काढला असं म्हटलं तरी चालेल, जरा सविस्तर लिहितो.

अर्जेंटिनातले क्लब कंपन्या नसतात. कायद्याने त्या नागरी संस्था, म्हणजे आपल्याकडच्या नोंदणीकृत संस्थेसारख्या. मालक सभासद. ते वर्गणी भरतात, अध्यक्ष निवडतात, आणि त्या वर्गणीत फुटबॉलचं तिकीटच नाही तर पोहणं, व्हॉलीबॉल, टेनिस, मुलांचं जिम्नॅस्टिक्स सगळं येतं. सान्तिआगो लेयदेन यांच्या दीर्घ अध्यक्षपदाच्या काळात फेर्रो अशा क्लबांचा आदर्श मानला जायचा. काबाशितोतलं अख्खं कुटुंब रविवारी तिथेच असायचं.

नव्वदच्या दशकात हे सगळं हळूहळू सैल झालं. १९९३ मध्ये ग्रिगुओल क्लब सोडून गेले. चांगले खेळाडू लवकर विकावे लागले. वर्गणीदार घटले, कर्ज वाढलं. १९९८-९९ च्या हंगामात फेर्रोने सलग ८७५ मिनिटं एकही गोल केला नाही. ज्या क्लबाच्या नावावर गोल न खाण्याचा विक्रम, त्याच्याच नावावर गोल न करण्याचाही लागला. अर्जेंटिनात तेव्हा खाली जाण्याचा निर्णय एका हंगामावर होत नसे, तीन हंगामांची सरासरी बघत, ‘प्रोमेदिओ’. त्यामुळे एका वर्षाचा अपघात माफ व्हायचा, पण सडत आलेली गोष्ट सुटत नसे. २००० मध्ये फेर्रो दुसऱ्या श्रेणीत गेला, २००१ मध्ये थेट तिसऱ्या.

आणि मग डिसेंबर २००१ चं आर्थिक संकट. बँका बंद, लोकांचे पैसे अडकलेले, रस्त्यावर भांडी वाजवत मोर्चे. वर्गणी कोण भरणार? २००२ मध्ये न्यायालयाने क्लब दिवाळखोर ठरवला. त्याच वर्षी काचो साकार्दी हृदयविकाराने गेला. एका वर्षात एवढं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. याआधी १९९९ मध्ये रेसिंग क्लबावर हीच वेळ आली होती. समर्थक रस्त्यावर उतरले, देश हादरला, आणि २००० मध्ये संसदेने क्रीडा संस्थांसाठी खास कायदा केला, क्रमांक २५.२८४. दिवाळखोर क्लबाची मालमत्ता लगेच विकायची नाही. न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन विश्वस्त नेमायचे, एक वकील, एक हिशेबनीस, एक क्रीडातज्ज्ञ, आणि त्यांनी क्लब चालू ठेवून देणी फेडायची. काबाशितो म्हणजे शहराच्या अगदी मधोमध, जमिनीला सोन्याचा भाव. हा कायदा नसता तर आज तिथे इमारती असत्या असं मला ठामपणे वाटतं.

पण नुसत्या कायद्याने क्लब जगत नाही. दिवाळखोरीच्या काळात सभासदांना मतदानाचा हक्क नव्हता, तरी ते वर्गणी भरत राहिले. स्वतः रंग आणून भिंती रंगवल्या, मुलांचे वर्ग चालू ठेवले. २००३ मध्ये संघ तिसरी श्रेणी जिंकून दुसरीत आला. फुटबॉल विभाग काही काळ खासगी व्यवस्थापनाकडे दिला होता, त्यातून फारसं काही निघालं नाही. शेवटी २०१४ मध्ये दिवाळखोरी उठली आणि सभासदांनी पुन्हा आपला अध्यक्ष निवडला. बारा वर्षं!

मडगाव_पॅसेंजर

देव बरें करूं. हे वाचून डोळे भरले. आमच्या क्लबांचे मालक चांगलेच होते, त्यांनी दशकानुदशकं पदरचे पैसे घातले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मालक थकला की मागे उभं राहायला कोणी नसतं. दहा हजार माणसं महिन्याला थोडे थोडे पैसे भरतायत, ही सवयच आमच्याकडे लागली नाही.

ठोकताळा

उलट बाजूही बघा ना. सभासदांचा क्लब म्हणजे निवडणुका आणि गटबाजी, आणि पैसा उडवून पुढच्या अध्यक्षाच्या गळ्यात कर्ज बांधणं. फेर्रो सभासदांचाच असताना बुडाला. गुंतवणूकदार आला असता तर आज पहिल्या श्रेणीत नसता का?

रूळकाठ

मुद्दा योग्य आहे, आणि अर्जेंटिनात सध्या नेमका हाच वाद चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिलेई सरकारने वटहुकूम काढून क्लबांना कंपनी होण्याची वाट मोकळी करायचा प्रयत्न केला. फुटबॉल महासंघ आणि बहुतेक क्लब विरोधात उभे राहिले.

फेर्रो बुडाला तो वाईट कारभाराने, यात वाद नाही. पण कंपनीचा क्लब बुडाला असता तर घेणेकऱ्यांनी आधी जमीन मागितली असती. सभासदांची संस्था होती म्हणून लोकांना ती आपली वाटली, आणि खास कायदा करावा असं संसदेलाही वाटलं. पहिल्या श्रेणीतला, पण पोहण्याचा तलाव विकून टाकलेला फेर्रो मला नको.

पिव्हट

ठोकताळा, शिवाय फुटबॉलवाला गुंतवणूकदार बास्केटबॉलचा खर्च पहिल्याच दिवशी कापेल. मग ग्रिगुओल यांना नाख्नुदेल कुठे भेटणार?

सायडिंग

रूळकाठ, शेवटचा प्रश्न. फेर्रोचा परंपरागत वैरी कोण? आणि तिथे जायचं झालं तर कसं?

रूळकाठ

वैरी वेलेस सार्सफिल्ड. तोही याच लाईनवरचा, आणखी पश्चिमेला, लिनिएर्सला. ऐंशीच्या दशकात फेर्रो वर होता, वेलेसकडे १९६८ चं एकच विजेतेपद. नव्वदमध्ये पारडं पूर्ण फिरलं. १९९४ मध्ये वेलेसने लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, जिंकला आणि टोकियोत मिलानला हरवून जगज्जेता झाला. वेलेस तेव्हापासून पहिल्या श्रेणीतून खाली आलेला नाही, त्यामुळे २००० नंतर लीगमध्ये हे दोघे भेटलेलेच नाहीत. काबाशितोतल्या तिशीच्या आतल्या पोरांनी आपला सर्वांत मोठा सामना लीगमध्ये कधी पाहिलेला नाही, तरी गाणी मात्र वेलेसवरचीच म्हणतात.

जायचं तर ओन्से स्थानकावरून सार्मिएंतो लाईन पकडा आणि काबाशितोला उतरा. तिथून मैदान चालत. दुसऱ्या श्रेणीचे सामने बहुधा शनिवार-रविवारी दुपारी असतात. इथून बघायचं तर आपण त्यांच्यापेक्षा साडेआठ तास पुढे, म्हणजे मध्यरात्रीची तयारी ठेवा. हिरवा शर्ट मैदानाजवळच मिळेल.